इनटू द ब्रीच: ग्रिड २ वर आली, तिसऱ्या टर्नला आधी काय सांभाळायचं?

जागल_आर्वी

राम राम मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून लिहून राहिलो. सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे आणि या आठवड्यात आमच्या फिडरची थ्री फेज लाइन रातची आहे, म्हणजे मुक्काम वावरातच. स्प्रिंकलरची एक जागा भिजली की मोटर बंद करायची, पाइप उचलून पुढं जोडायचे, परत मोटर चालू. मधल्या वेळात जागल. बॅटरी मारून धुऱ्याकडं पाहायचं, डुकरं किंवा रोही दिसले तर हाकलायचे. मोटरच्या खोलीत स्टार्टरशेजारी एक सॉकेट आहे, तिथं पॉलिटेक्निकच्या वेळचा लॅपटॉप लावून मी इनटू द ब्रीच खेळतो.

लॅपटॉपला ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी गेम कुठंच अडकत नाही. नेट लागत नाही. आणि मुख्य म्हणजे आपली चाल होईपर्यंत समोरचा हलत नाही. टर्न अर्धा सोडून पाइप पलटवायला गेलो, चिखलाचे हात धुऊन आलो, तर किडे होते तिथंच. लाइन गेली, बॅटरी संपली, तरी पुन्हा उघडल्यावर तीच लढाई समोर असते. रात्रीच्या ओलितासोबत जमेल असा याच्याइतका चांगला गेम मला दुसरा सापडला नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुद्धिबळासारखा ८ बाय ८ चा पट असतो. आपले तीन महाकाय रोबो, प्रत्येकात एक पायलट. जमिनीतून भले मोठे किडे निघतात आणि आपल्या पाळीच्या आधीच दाखवून देतात की कोण कुठं मारणार आहे. मग आपण तीन चाली करायच्या, त्यानंतर किडे दाखवलं तसंच मारतात. शहराच्या बिल्डिंगांना मार बसला की पॉवर ग्रिड कमी होते, ग्रिड शून्य झाली की खेळ खलास. बहुतेक मिशन पाच टर्नची.

आता माझा पट पाहा. आर.एस.टी. म्हणजे वाळवंटाचं बेट, नॉर्मल लेव्हल, रिफ्ट वॉकर्स टीम: ठोसा मारणारा कॉम्बॅट, सरळ गोळी मारणारा कॅनन, लांबून गोळा टाकणारा आर्टिलरी. ग्रिड २ उरली. तिसरा टर्न. स्क्रीनची वरची बाजू उत्तर धरा.

एक फायरफ्लाय पूर्वेकडं तोंड करून आहे. त्याच्यापुढं दोन घरं रिकामी आणि तिसऱ्या घरात बिल्डिंग, तिच्यावर तो गोळी मारणार. त्या दुसऱ्या रिकाम्या घराच्या लगत खाली, दक्षिणेला, एक स्कॅरब बसला आहे, त्यानं लांबच्या दुसऱ्याच बिल्डिंगवर नेम धरला. पश्चिमेला एका कोपऱ्यात स्कॉर्पियननं कॉम्बॅटला जाळ्यात बांधून ठेवलं, स्कॉर्पियनच्या पाठीमागं डोंगर. आणि फायरफ्लायच्या पाठीला लागून जे घर आहे, तिथली जमीन हलून राहिली, म्हणजे या टर्नच्या शेवटी तिथून नवा किडा निघणार. कॅनन आणि आर्टिलरी दोघंही दक्षिणेकडं मोकळे आहेत. हल्ल्याचा क्रम पाहिला, आधी फायरफ्लाय, मग स्कॅरब, शेवटी स्कॉर्पियन.

फायरफ्लायला ३ जीव, स्कॅरबला २, स्कॉर्पियनला ३. कॅननची गोळी एकच जीव घेते. फायरफ्लायला मारत बसलो तर दोन रोबो त्याच्यातच खर्ची पडतात आणि स्कॅरब मोकळा सुटतो. त्यात या मिशनचा एक बोनस असा आहे की रोबोंना मिळून ४ पेक्षा कमी मार बसला पाहिजे, आणि ३ बसून झाला आहे. तीन रोबो आणि चार भानगडी. तुम्ही लोक आधी काय पाहता? रोबो, बिल्डिंग का बोनसचा स्टार? ही चाल मी अजून खेळलो नाही, लॅपटॉप तसाच झाकून ठेवला आहे.

अजून एक. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, रोबोंचाच गेम पाहिजे तर बॅटलटेक घे. माझ्या मशीनवर तो चालेल का, आणि घ्यावा का?

मास्तरीण_राळेगाव

भाऊ, पट इतका नीट सांगितलात की मी वहीवर चौकटी आखून मांडून घेतला. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे आणि हा गेम माझ्या सातवीतल्या मुलाबरोबर खेळते. आमच्या घरी एक नियम आहे. सगळे बाण मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय कोणी माऊसला हात लावायचा नाही. ‘पहिला हा, तो इकडं मारणार, मग तो, तो तिकडं.’ मूल वाचायला लागतं तेव्हा त्याला दिसतं की निम्मे हल्ले एकमेकांच्या वाटेतच आहेत. हा नियम मी मुलासाठी केला, पण तो खरं म्हणजे सगळ्यांच्याच कामाचा आहे.

सबसेट गेम्सचे जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस यांनी २०१८ मध्ये हा गेम काढला. त्याआधी २०१२ मध्ये त्यांचा अंतराळयानाचा एफटीएल आला होता, त्यात गोळी लागेल की हुकेल ते बरंचसं नशिबावर असायचं. इथं त्यांनी हल्ल्यातलं नशीब जवळजवळ काढूनच टाकलं. तुमचा ठोसा २ म्हणजे २ च. टक्केवारी उरली ती ग्रिड डिफेन्सची, बिल्डिंगला मार बसताना ती वाचण्याची शक्यता सुरुवातीला १५ टक्के. तिच्या भरवशावर कधी राहू नका. बाकी सगळं समोर मांडलेलं असतं आणि हिशोब करून सोडवता येतं. म्हणून मला तो मुलांसोबत खेळायला फार आवडतो.

तुम्ही जागलीला रोही मारत नाही ना? वळवता. इथंही तसंच करायचं. फायरफ्लायला मारू नका, त्याला हलवूही नका. कॅननला स्कॅरबच्या सरळ खाली, दक्षिणेला उभा करा आणि उत्तरेकडं गोळी मारा. स्कॅरबचा एक जीव जाईल आणि तो एक घर वर ढकलला जाईल. म्हणजे कुठं? फायरफ्लाय आणि बिल्डिंगच्या मधल्या त्या दुसऱ्या रिकाम्या घरात. आता टर्न संपला की पहिला हल्ला फायरफ्लायचा. त्याची गोळी समोर जे पहिलं लागेल त्याला बसते, ती स्कॅरबला बसेल. स्कॅरबचा एकच जीव उरलेला, तो मेला, आणि मेल्यावर त्याचा हल्ला होतच नाही. एका गोळीत दोन्ही बिल्डिंगा वाचल्या. क्रम उलटा असता तर पुन्हा विचार करावा लागला असता, तुम्ही क्रम लिहिलात ते फार चांगलं केलं.

कॉम्बॅट जाळ्यात आहे म्हणून त्याला बाद समजू नका. जाळ्यातला रोबो हलू शकत नाही, पण मारू शकतो. ठोसा मारा. २ जीव ठोशाचे, आणि मागं डोंगर असल्यामुळं ढकलला जाऊन आपटण्याचा १. स्कॉर्पियनला ३ च आहेत.

आता राहिली जमीन. तिथं आर्टिलरी उभा केला तर किडा अडेल, पण अडवणाऱ्याला १ मार बसतो, म्हणजे तुमचे ४ होऊन स्टार जाईल. मी असते तर स्टार वाचवला असता, कारण बेट पूर्ण झालं की दुकानात एका स्टारला एक ग्रिड मिळते. रोबोचे जीव मिशन संपलं की आपोआप भरून येतात, ग्रिड येत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या, निघणाऱ्या किड्याच्या घरावर आपलाच रोबो पाहिजे असं नाही. दुसरा किडा उभा असला तरी खालचा अडतो आणि १ मार त्या वरच्या किड्याला बसतो. तुमच्या पटावर ते जमतं का, हे मला वहीवर अजून दिसलेलं नाही.

वाळवंटाबद्दल एक सांगते. वाळूच्या घराला मार बसला की धूर उठतो आणि धुरातला किडा हल्लाच करू शकत नाही. त्यामुळं वाळूवर बसलेल्या किड्याला मारायची गरजच नाही, एक जीव घेणारा आर्टिलरीचा गोळासुद्धा त्याचा हल्ला रद्द करतो. मात्र तुमचा रोबो धुरात शिरला तर त्यालाही मारता येत नाही.

काट्यावरचा

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या काट्यावर बसतो मी. सीझनमंदी कापसाच्या गाड्याची लाइन लागली असते, दोन गाड्याच्या मधात एक टर्न. म्हनून भाऊचं दुखनं मले बराबर समजलं.

ताईनं स्कॅरबची जी चाल सांगतली ना, ती एकदम खरी हाये. त्याच्यात काही बदल करू नको. पन स्टारच्या बाबतीत मी ताईच्या उलटा हाये. दुकान कवा उघडते? पुरं बेट झाल्यावर. तुही ग्रिड आता २ हाये राजा. नवा किडा निंगला आन् तो अल्फा, म्हंजे त्याच किड्याची जास्त तगडी जात, असला तर चवथ्या टर्नले तुह्यापाशी ना रोबो मोकळा राहीन ना जागा. अल्फा फायरफ्लायचा मार ३ चा असते, हे ध्यानात घे. त्या स्टारची ग्रिड हाती येयाच्या आंधीच खेळ संपला तर तो स्टार कोन्या कामाचा? आर्टिलरी उभा कर त्या घरावर, एक मार खाऊ दे. दोनच जीव असते त्याले, पन या टर्नले त्याच्यावर दुसरा कोनी नेम धरूनच नाही राहिला.

माह्या हिशोब असा हाये. ग्रिड ५ च्या वर असली तर स्टारच्या मांगं पळा, खुशाल पळा. ३ च्या खाली आली की स्टार इसरा, पायलटची बी काळजी कमी करा. रोबो पडला तर त्याच्यातला पायलट मरते, हे दुख मोठं असते, लेव्हल वाढलेला पायलट गेला का मन लागत नाही. पन पुढच्या मिशनले रोबो उभा राहतेच, एआय चालवते त्याले. शहर गेलं तर काहीच उभं राहत नाही. आन् पुरा खेळ हरला तरी एक पायलट निवडून दुसऱ्या टाइमलाइनमंदी धाडता येते, त्याचा अनुभव संग जाते. म्हनून आपला सगळ्यात मुरलेला मानूस शेवटपर्यंत जगवाचा.

बॅटलटेकचं इचारलं. तो बी २०१८ चाच, हेअरब्रेन्ड स्कीम्सचा. जॉर्डन वाइजमन म्हनून हाये, त्यानंच १९८० च्या दशकात बॅटलटेकचा टेबलावरचा मूळ खेळ काढला होता, थोच या गेमच्या मांगं बी होता. मी भावाच्या पीसीवर खेळलो हाये. तुह्या लॅपटॉपवर नाही चालनार, सरळ सांगतो. तीस-पस्तीस जीबी जागा पाहिजे, ८ जीबी रॅम आन् ग्राफिक्स कार्ड पाहिजे. आन् एकेक गोळी सुटाची अ‍ॅनिमेशनच इतकी लांब चालते का तुह्ये पाइप पलटवाचे राहून जातीन.

पन गेम खानदानी हाये, हे बी सांगाले पाहिजे. चार रोबो असते तुह्यापाशी. एकेक रोबोचा हात, पाय, छाती, पाठ, सगळ्याचं चिलखत येगयेगळं. पाठ नेहमी पातळ. म्हनून कोनाकडं तोंड करून उभं राहाचं, हे बी चालीइतकंच मोठं काम हाये. बंदुका जास्त चालवल्या का रोबो तापते, लय तापला तर आतून खराब होते, पान्यात उभा केला का लवकर थंडा होते. महिन्याच्या महिन्याले पायलटचा पगार द्या लागते, दुरुस्तीले दिवस लागते आन् पैसे बी. एक लढाई जिकून बी मानूस कंगाल होऊ शकते त्याच्यात. मले तो हिशोब आवडते, मी हिशोबाचाच मानूस हाये. पन तिथं नेम टक्क्यावर चालते. ८५ टक्के लिवलं असते आन् गोळी हुकते. तुले जे आवडून राहिलं, समोर सगळं मांडून ठेवलं अन् आपन सोडवाचं, ते तिथं नाही भेटनार. मशीन बदलशीन तवा घे.

जागल_आर्वी

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. ताईनं शेवटी जे लिहिलं, किड्यानंच किड्याला अडवायचं, ते वाचून पाइप पलटवायला गेलो आणि डोक्यात तेच फिरत होतं. कपलर लावता लावता दिसलं.

हलणारी जमीन फायरफ्लायच्या पाठीला लागून आहे, बरोबर? आणि फायरफ्लाय पूर्वेकडं मारून राहिला. त्याला सरळ मागं, पश्चिमेकडं एक घर ढकललं, तर तो त्या हलणाऱ्या घरावरच जाऊन उभा राहतो. आणि ओळ तर बदलतच नाही! तोंड पूर्वेलाच, रांग तीच, फक्त गोळी एक घर जास्त लांबून येणार. वर-खाली ढकललं असतं तर ताईचा डाव मोडला असता, मागं ढकलल्यानं काहीच मोडत नाही.

आर्टिलरीचा गोळा ज्या घरात पडतो त्याच्या चारही बाजूच्या घरातलं जे असेल ते बाहेरच्या दिशेनं ढकललं जातं. म्हणून गोळा फायरफ्लायवर टाकायचा नाही, त्याच्यापुढच्या पहिल्या रिकाम्या घरात टाकायचा. पडला की फायरफ्लाय मागं. पण इथं एक धोका आहे. कॅननची चाल आधी करून स्कॅरबला दुसऱ्या घरात आणून ठेवलं असतं, तर त्याच गोळ्यानं स्कॅरब पूर्वेला ढकलला गेला असता, आणि तिकडं बिल्डिंग आहे. किडा बिल्डिंगवर आपटला की बिल्डिंगला मार बसतोच. म्हणून आधी आर्टिलरी, मग कॅनन. आर्टिलरी डागताना स्कॅरब खालच्या रांगेत तिरका असतो, त्याला काही लागत नाही.

मोटर चालू करून आलो आणि त्याच क्रमानं खेळलो. आर्टिलरीचा गोळा रिकाम्या वाळूत पडला, फायरफ्लाय मागं सरकला. तिथं धूर उठला, पण धूर गोळीला अडवत नाही. कॅननची गोळी, स्कॅरब वर. कॉम्बॅटचा ठोसा, स्कॉर्पियन डोंगरावर आपटून तिथंच खतम. एंड टर्न दाबायच्या आधी ताईच्या घरच्या नियमानं बाण मोठ्यानं वाचून काढले, खोलीत एकटाच होतो तरी. मग दाबलं. फायरफ्लायनं गोळी मारली, ती दोन रिकाम्या घरांवरून, धुरातून गेली आणि स्कॅरबला लागली. स्कॅरब फुटला. मग खालून जमीन उसळली, वर फायरफ्लाय उभा, त्याचाच एक जीव गेला आणि नवा किडा खालीच राहिला. ग्रिड २ च्या २. रोबोंना एकही मार नाही, स्टार शाबूत.

दादा, तुम्ही सांगितलेला ग्रिडचा हिशोब मी लिहून ठेवला आहे. या वेळी दोन्ही जमलं, पण दर वेळी किडा असा सोयीच्या जागी उभा राहणार नाही, तेव्हा तुमचाच नियम लावीन. बॅटलटेक मशीन बदलल्यावर.

ताई, एक विचारायचं राहिलं. वाळवंटाच्या या बेटावर विजेच्या वादळाचं एक मिशन पुढं दिसून राहिलं. त्यात काय पाहायचं? आणि रिफ्ट वॉकर्सनंतर कोणती टीम घ्यावी? बक्षिसाची नाणी थोडी जमली आहेत.

काट्यावरचा

भाऊ, आंधी आर्टिलरी मग कॅनन, हा क्रम मी दोनदा कागदावर मांडून पाह्यला. बराबर हाये. लय सुंदर चाल काढली तू. मी आता आमच्या इथल्या पोट्ट्याइले दाखवतो.

मास्तरीण_राळेगाव

मुलाला तुमची चाल वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘फायरफ्लायनं तीन कामं केली, आपल्यासाठीच.’ गोळीनं स्कॅरब मारला, अंगानं जमीन अडवली, आणि स्वतःचा जीवही कमी करून घेतला.

विजेच्या वादळात दर टर्नला काही घरांवर खूण दिसते. त्या घरावर जो असेल, रोबो असो की किडा, तो वीज पडून मरतो, जीव कितीही असोत. अल्फासारख्या ५ जीवांच्या किड्याला मारायची इतकी स्वस्त संधी दुसरी नाही. एक धक्का मारून त्या घरावर नेला की झालं. त्या मिशनमध्ये मारापेक्षा ढकलणारी शस्त्रं वापरा. आणि वीज किड्यांच्या हल्ल्याच्या आधी पडते, म्हणजे तिथं गेलेल्या किड्याचा हल्ला वजाच धरा. एंड टर्नच्या आधी आपले तिन्ही रोबो कुठल्या घरावर आहेत ते मात्र पाहून घ्या, पायलट गेला तर परत येत नाही.

टीम रस्टिंग हल्क्स घ्या. त्यांचं जेट किड्याच्या डोक्यावरून उडून जातं, जाता जाता एक जीव घेतं आणि धूर सोडतं. धूर म्हणजे हल्ला रद्द, हे तुम्हाला वाळवंटानं शिकवलंच आहे. त्यात या टीमकडं सुरुवातीपासून स्टॉर्म जनरेटर असतं, त्यामुळं धुरातल्या किड्याला दर टर्नला मारही बसतो. पहिल्या एक-दोन मिशनला ते दुबळे वाटतील, कारण जेट एका वेळी एकच जीव घेतं. धीर धरा. दुकानात पहिला रिअ‍ॅक्टर कोअर, म्हणजे रोबोची ताकद वाढवणारा भाग, मिळाला की तो जेटला द्या. आणि कमिला व्हेरा नावाची पायलट कधी हाती लागली तर तिला याच टीममध्ये बसवा, तिच्या रोबोला जाळंही अडवत नाही आणि धूरही.